रिबनचा लॉस आर्कच्या आधीच ठरतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन-चार वर्षे सुट्या फायबरचे जॉइंट करणाऱ्या एका तंत्रज्ञाकडे आता 288 कोअरच्या, म्हणजे 288 फायबरच्या, रिबन केबलचे काम आले आहे; रिबन म्हणजे बारा फायबर शेजारी शेजारी चिकटवून केलेली सपाट पट्टी. मास फ्यूजन मशीन (बारा फायबर विजेच्या ठिणगीने, म्हणजे आर्कने, एकदम वितळवून जोडणारे) नवे आहे आणि स्क्रीनवर प्रत्येक फायबरसमोर 0.02, 0.03 डीबी असे लॉसचे, म्हणजे जॉइंटमध्ये हरवणाऱ्या प्रकाशाचे, आकडे दिसतात. ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाश सोडून परत येणाऱ्या प्रकाशावरून लॉस मोजणारे उपकरण) लावला की मात्र कुठे 0.18 तर कुठे 0.25 निघतो, आणि तोही बहुतेक वेळा पहिल्या किंवा बाराव्या फायबरवर. मशीन खराब आहे का? आणि बारांपैकी एकच फायबर वाईट निघाला तर अख्खी रिबन तोडायची का?

मशीन खराब असण्याची शक्यता कमी आहे. तुमचा हात सुट्या फायबरवर तयार झाला आहे आणि तिथे मशीन बरेच काही सांभाळून घेते. कोअर अलाइनमेंटचे मशीन फायबर दोन दिशांनी पाहते, कोअर, म्हणजे प्रकाश वाहणारा मधला भाग, शोधते आणि मोटरने फायबर वर-खाली, आडवा सरकवून कोअरसमोर कोअर आणते. रिबनच्या मशीनमध्ये ही सोय नसते. बारा फायबर बारा ठरलेल्या व्ही-ग्रूव्हमध्ये, म्हणजे व्ही आकाराच्या खाचांत, बसतात, वरून क्लॅम्प दाबतो आणि दोन्हीकडचे होल्डर एकमेकांकडे सरकतात. हालचाल एवढीच, पुढे आणि मागे. पाचवा फायबर जरा खाली बसला असेल तर त्याला एकट्याला उचलणारे कोणी नाही. उरते ती वितळलेल्या काचेच्या पृष्ठताणाची मदत. तो दोन्ही फायबरच्या बाहेरच्या कडा जुळवायला बघतो, पण सिंगल मोडचा, म्हणजे बारीक कोअरच्या फायबरचा, आर्क इतका थोडा वेळ असतो की चूक अर्धवटच भरून निघते. म्हणूनच मशीनच्या मॅन्युअलमध्ये सिंगल मोडसाठी कोअर अलाइनमेंटला साधारण 0.02 डीबी, तर रिबनला 0.05 डीबी असा नमुनेदार लॉस दिलेला असतो. रिबनवर 0.05 आला तर तो चांगलाच जॉइंट आहे.

किती सरकल्याने किती बिघडते याचा अंदाज असलेला बरा. जी.652.डी या नेहमीच्या सिंगल मोड फायबरचा मोड फील्ड व्यास, म्हणजे त्यात प्रकाश जितक्या रुंदीत पसरतो तो व्यास, 1310 नॅनोमीटर तरंगलांबीला साधारण 9.2 मायक्रॉन धरा. दोन कोअर अर्ध्या मायक्रॉनने सरकले तर लॉस साधारण 0.05 डीबी येतो, पूर्ण एक मायक्रॉनने सरकले तर 0.2 डीबी. सरकणे दुप्पट झाले की लॉस चौपट होतो. फायबरचा बाहेरचा व्यास 125 मायक्रॉन आणि त्यात 0.7 मायक्रॉनची सूट, कोअर मध्यापासून 0.6 मायक्रॉनपर्यंत सरकलेला चालतो. म्हणजे प्रमाणात बसणाऱ्या फायबरमध्येच थोडी तूट आधीपासून असू शकते. आजचे चांगले फायबर या मर्यादांच्या बरेच आत असतात हे आपले नशीब, पण त्यावर ग्रूव्हमधल्या एका कणाची भर पडली की सगळे गणित संपते. डोळ्यांना न दिसणारा एक मायक्रॉनचा कण आणि 0.2 डीबी, एवढा हा सरळ संबंध आहे. तुमचे 0.18 आणि 0.25 बहुतेक इथूनच येत आहेत.

तेव्हा खरे काम आर्कच्या आधीचे आहे.

पहिले होल्डर, म्हणजे रिबन धरून मशीनमध्ये बसणारी पकड. केबलमधले जेल पूर्ण पुसल्याशिवाय रिबन होल्डरमध्ये ठेवू नका. जेलचा पातळ थर राहिला तर स्ट्रिप करताना, म्हणजे कोटिंग काढताना, रिबन होल्डरमध्ये सूतभर घसरते आणि बाराच्या बारा फायबरची लांबी बदलते. जेल रिमूव्हरने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि रिबन बोटांत कोरडी लागली की मगच ठेवा. ती होल्डरच्या खाचेत सपाट आणि सरळ बसली पाहिजे. कडेच्या फायबरचा त्रास पुष्कळदा इथे सुरू होतो. रिबन किंचित तिरकी बसली तर मधले फायबर निभावून नेतात, पहिला आणि बारावा आपापल्या ग्रूव्हच्या काठावर चढायला बघतात. होल्डरचे झाकण बंद करताना रिबन एका बोटाने हलकेच दाबून धरा, कारण झाकणाच्या झटक्याने ती फिरते. आणि स्लीव्ह, म्हणजे जॉइंटवर आकसवायची संरक्षक नळी, आधी रिबनवर घालायला विसरू नका. सुट्या फायबरला विसरलात तर एक जॉइंट जातो, इथे बारा जातात.

दुसरे स्ट्रिपिंग. गरम स्ट्रिपरमध्ये रिबन ठेवून लगेच ओढू नका, काही सेकंद थांबा. मॅट्रिक्स (फायबर एकत्र धरणारा थर) आणि कोटिंग (काचेवरचे प्लास्टिक) नरम व्हायला वेळ लागतो, आणि थंड हवेत तो आणखी लागतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या रिबनचे मॅट्रिक्स सारखे नसते, त्यामुळे नवी केबल हातात आली की आधी दोन-तीन तुकड्यांवर तापमान आणि थांबण्याचा वेळ ठरवून घ्या. ओढताना एकाच गतीने, सरळ रेषेत ओढा. कोटिंग एका नळीसारखे अखंड निघाले तर बरोबर. चुरा होऊन निघाले, काचेवर रंगाचे ठिपके राहिले, तर तापमान कमी आहे किंवा पाते घाण आहे. प्रत्येक स्ट्रिपनंतर पात्यावरचा चुरा ब्रशने काढा. मधेच झटका बसला तर फायबर तुटत नाही पण काचेवर ओरखडा उठतो. तो आज दिसत नाही, पुढे पावसाळ्यात ओलाव्याने वाढतो आणि क्लोजरच्या, म्हणजे जॉइंट ठेवायच्या बंद पेटीच्या, आत फायबर तुटतो.

तिसरे पुसणे, आणि माझ्या मते बहुतांश लोक इथेच घाई करतात. लिंट-फ्री वाइप 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला करा, दुमडा, रिबन त्यात सपाट धरून एकाच दिशेने ओढा. मग वाइपची नवी जागा घेऊन पुन्हा, आणि रिबन उलटून दुसऱ्या बाजूनेही. तोच भाग परत वापरलात तर काढलेली घाण परत लावता. आता एक गोष्ट फक्त रिबनची आहे. अल्कोहोल ओले असताना उघडे फायबर दोन-दोन, तीन-तीन करून एकमेकांना चिकटतात. तसेच क्लीव्हरमध्ये, म्हणजे फायबरची टोके सपाट कापणाऱ्या यंत्रात, गेले तर पाते दोन्हींना सारखे लागत नाही, आणि ग्रूव्हमध्ये ठेवताना दोन फायबर एकाच खाचेत शिरतात. अल्कोहोल उडून जाईपर्यंत थांबा. तरी चिकटलेले असतील तर होल्डर हातात धरून फायबरची टोके बोटाच्या कडेने हलकेच वर करून सोडा, ते सुटतात. बाटलीचे झाकण उघडे ठेवू नका. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा अल्कोहोलमध्ये सहज शिरतो आणि काचेवर पाण्याचा डाग उरतो. सकाळी डबीत ओतलेले अल्कोहोल संध्याकाळी वापरू नये.

क्लीव्ह केल्यानंतर मात्र पुसायचे नाही. क्लीव्ह झालेली टोके कशालाही लागू द्यायची नाहीत, थेट मशीनमध्ये न्यायची.

क्लीव्हिंगबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सुट्या फायबरमध्ये तुम्हाला फक्त कोन बघायची सवय आहे. रिबनमध्ये दोन गोष्टी बघायच्या असतात, प्रत्येक फायबरचा कोन आणि बाराही टोके एका रेषेत आहेत का. दोन्हीकडचे फायबर एकत्रच पुढे सरकतात, म्हणून जो फायबर आखूड राहिला त्याची काच समोरच्या काचेवर पुरेशी दाबली जात नाही आणि जॉइंट बारीक होतो. जो लांब राहिला तो जास्त दाबला जाऊन फुगतो. दोन्हींचा लॉस वाढतो, आणि बारीक झालेल्याची ताकदही कमी असते. मशीन हा फरक दाखवते. मर्यादेत आहे म्हणून पुढे जाऊ नका, आकडा वाचा. कोनाची मर्यादा बऱ्याच मशीनमध्ये बरीच सैल ठेवलेली असते. मी ती एका अंशाच्या आसपास आणतो. जास्त रिबन परत क्लीव्ह कराव्या लागतात, पण दोन मिनिटांचे काम आत्ता करणे हे क्लोजर पुन्हा उघडण्यापेक्षा स्वस्त पडते.

टोके एका रेषेत येत नसतील तर आधी होल्डर क्लीव्हरमध्ये पूर्ण पुढे बसला आहे का बघा, मग क्लीव्हरचे रबर पॅड. पॅडवर काचेचा एक तुकडा चिकटलेला असेल तर त्या जागेचा फायबर दरवेळी वाईट कापला जातो. पाते बहुतेक क्लीव्हरमध्ये 16 जागांवर फिरवता येते. एक लक्षात ठेवा, रिबनची एक क्लीव्ह म्हणजे पात्यासाठी बारा क्लीव्ह. सुट्या फायबरच्या हिशेबाने पाते फिरवत असाल तर ते कधीच बोथट झालेले असेल.

आता मशीन. व्ही-ग्रूव्ह रोज सकाळी अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या बारीक कापसाच्या काडीने, खाचेच्या दिशेने साफ करायचे, आडवे नाही. क्लॅम्पचा खालचा भागही पुसा, तो लोक विसरतात. एसी गाडीतून मशीन बाहेर दमट हवेत काढले तर लगेच सुरू करू नका. मशीनमधल्या आरशावर आणि ग्रूव्हमध्ये दव धरते, मशीनला बाहेरच्या हवेशी जुळायला वेळ द्या.

आर्क कॅलिब्रेशन रोज काम सुरू करताना करा आणि जागा बदलली की परत करा. रिबनचा आर्क रुंद असतो, दोन इलेक्ट्रोडमधल्या जागेत बारा फायबर ओळीने उभे असतात आणि सगळ्यांना सारखी उष्णता मिळेल अशी ती रचना असते. इलेक्ट्रोडच्या टोकावर सिलिका जमली की आर्क डगमगतो आणि त्याचा पहिला फटका कडेच्या फायबरना बसतो, कारण इलेक्ट्रोडच्या सर्वांत जवळ तेच असतात. हवेचा दाबही महत्त्वाचा. नवी मुंबईत समुद्रसपाटीवर लावलेला आर्क महाबळेश्वरला साडेतेराशे मीटर उंचीवर तसाच चालत नाही. मशीनमध्ये दाबाचा सेन्सर असला तरी घाट चढून गेल्यावर कॅलिब्रेशन करायचेच. इलेक्ट्रोड बदलताना जोडी बदला, आणि बदलल्यावर मशीन सांगेल तेवढे आर्क देऊन ते स्थिर होऊ द्या.

इतके झाल्यावर बाराचे बारा आकडे एकत्र वाचायला शिका. सुट्या फायबरमध्ये आकडा एकच असतो. रिबनमध्ये बारा आकड्यांचा नमुना तुम्हाला दोष कुठे आहे ते सांगतो. रोज, वेगवेगळ्या रिबनवर, सातवाच फायबर वाईट येत असेल तर सातव्या ग्रूव्हमध्ये किंवा सातव्या जागेच्या पॅडवर घाण आहे, मशीनला दोष देऊ नका. पहिला आणि बारावा दोन्ही वाईट असतील तर इलेक्ट्रोड, आर्क किंवा रिबन तिरकी बसणे. एकाच कडेला वाईट असेल तर बहुधा होल्डर. दरवेळी वेगळा फायबर वाईट येत असेल तर पुसणे आणि क्लीव्ह. बाराही सारखेच जास्त असतील तर आर्कची शक्ती तपासा, पण त्याआधी दोन्हीकडचे फायबर एकाच जातीचे आहेत का ते केबलच्या ड्रमच्या कागदावर बघा. तुमच्यासारखे पहिला किंवा बारावा असे चित्र असेल तर मी या क्रमाने जाईन: होल्डरमध्ये रिबनची बसण, इलेक्ट्रोड, आणि मग ट्रे, म्हणजे क्लोजरमधली जॉइंट आणि जादा रिबन ठेवायची थाळी.

ट्रे का, ते सांगतो. स्क्रीनवरचा 0.02 हे मोजमाप नाही. मशीन जॉइंटचे चित्र बघते, बाहेरच्या कडा किती जुळल्या ते पाहते आणि अंदाज सांगते. त्यानंतर स्लीव्ह आकसते, रिबन ट्रेमध्ये वळते, झाकण लागते, आणि यातले काहीच मशीनने पाहिलेले नसते. रिबन फक्त सपाट बाजूने सहज वळते. बारा फायबरची रिबन साधारण 3 मिलीमीटर रुंद असते, तिला आडवी कड धरून वळवले किंवा पीळ राहिला तर कडेच्या फायबरवर सर्वांत जास्त ताण येतो. परत तेच, पहिला आणि बारावा. हे ओळखायला सोपा मार्ग आहे: 1310 आणि 1550 दोन्हींवर मोजा. कोअर सरकल्याचा लॉस 1310 ला जास्त आणि 1550 ला थोडा कमी असतो, कारण 1550 ला मोड फील्ड मोठे असते. वळणाचा लॉस याच्या उलट, 1310 ला जेमतेम दिसतो आणि 1550 ला उसळतो. 1625 असेल तर त्याहून जास्त. 1550 ला 0.25 आणि 1310 ला 0.06 असेल तर जॉइंट तोडू नका, ट्रे उघडा.

स्लीव्हबद्दल एवढेच: दोन्हीकडे 10-10 मिलीमीटर क्लीव्ह म्हणजे मधे 20 मिलीमीटर उघडी काच. 40 मिलीमीटरची स्लीव्ह बरोबर मधोमध आली तर दोन्हीकडे 10 मिलीमीटर कोटिंग झाकले जाते. रिबन सपाट बाजूने आतल्या पट्टीवर टेकलेली हवी, आणि हीटरमध्ये घालताना हलका ताण ठेवा, म्हणजे फायबर एकमेकांवर चढत नाहीत.

आता ओटीडीआर, कारण माझा अंदाज आहे की तुमचे काही वाईट जॉइंट वाईट नाहीतच. ओटीडीआर परत येणारा प्रकाश मोजतो, आणि किती प्रकाश परत येतो हे फायबरच्या मोड फील्डवर अवलंबून असते. एकीकडे 9.2 आणि दुसरीकडे 8.6 मायक्रॉनचा फायबर असेल, समजा जुन्या जी.652.डी केबलला नवी जी.657 ची, म्हणजे वळण जास्त सहन करणाऱ्या फायबरची, रिबन जोडली, तर जॉइंटचा खरा लॉस या फरकामुळे जेमतेम 0.02 डीबी वाढतो. पण एका बाजूने बघितले तर ओटीडीआर साधारण 0.3 लॉस दाखवील आणि दुसऱ्या बाजूने जवळपास तेवढाच गेन, म्हणजे प्रकाश वाढल्याचा भास. दोन्ही बाजूंनी मोजून सरासरी काढल्याशिवाय जॉइंटला वाईट म्हणायचे नाही. एकाच प्रकारच्या दोन ड्रममध्येही फायबरगणिक थोडा फरक असतो, म्हणून बारांत दोन-तीन विचित्र आकडे सहज येतात. चांगले जॉइंट एकतर्फी मोजमापावर तोडून दुसऱ्यांदा त्याहून वाईट केलेले मी अनेक साइटवर पाहिले आहे. मोजताना ओटीडीआर आणि केबलच्या मधे लाँच फायबर लावा, ट्रेस (ओटीडीआरच्या स्क्रीनवरची रेघ) खरखरीत राहणार नाही इतका वेळ सरासरी घेऊ द्या, 0.05 चा जॉइंट खरखरीत ट्रेसवर दिसत नाही.

तोडायचा का, या प्रश्नाला माझे उत्तर असे. दोन्ही बाजूंची सरासरी, 1310 आणि 1550 दोन्हींवर, करारातल्या मर्यादेच्या वर असेल तरच. ती मर्यादा पुष्कळ ठिकाणी 0.1 डीबी असते. एक फायबर 0.11 आणि बाकी अकरा 0.04 असतील, लिंकच्या एकूण बजेटमध्ये जागा असेल आणि ग्राहक लेखी मान्य करत असेल, तर मी तोडत नाही. तोडले की अकरा चांगले जॉइंटही जातात, दोन्हीकडची काही सेंटीमीटर रिबन जाते आणि पुढच्या वेळी सगळे चांगले येतीलच असे नाही. 0.2 असेल तर मात्र विचार करू नका, तोडा. 40 किलोमीटरच्या मार्गावर दर 2 किलोमीटरला जॉइंट म्हणजे 19 जॉइंट. प्रत्येकी 0.05 ने 0.95 डीबी होतात, 0.1 ने 1.9. 1550 ला किलोमीटरला 0.2 डीबी धरले तर हा फरक जवळजवळ 5 किलोमीटर फायबरएवढा आहे. काही जण न तोडता दुसरा आर्क देतात. काच कमी वितळली असेल तर एकदा देऊन बघायला हरकत नाही. फायबर सरकलेला असेल, फुगलेला असेल किंवा बुडबुडा असेल तर उपयोग नाही, आणि तिसरा आर्क कधीच देऊ नका.

नव्या केबलबद्दल थोडे. ऐरोली, महापे भागातल्या डेटा सेंटरमध्ये आता 864, 1728, 3456 कोअरच्या केबल येतात आणि त्यांतल्या बऱ्याच गुंडाळता येणाऱ्या रिबनच्या असतात. त्यात फायबर जागोजागीच चिकटवलेले असतात. अशी रिबन होल्डरमध्ये ठेवताना फायबर एकमेकांवर चढतात, म्हणून बोटाने सपाट पसरवून, रंगांचा क्रम डोळ्याने वाचून मगच झाकण लावा. पुसताना जोर लावला तर ती सुटी होते. फायबरमधले अंतर 250 आहे की 200 मायक्रॉन, हे केबलच्या कागदावर आधी बघा. 200 ला होल्डर आणि ग्रूव्ह वेगळे लागतात, आणि 250 च्या ग्रूव्हमध्ये ते कौशल्याने बसवता येत नाहीत.

शेवटी एक तपासणी, जी कोणतेही मशीन करून देत नाही. रिबन उलटी बसली तर निळ्यासमोर आकाशी येतो, नारिंगीसमोर गुलाबी, आणि बाराही फायबर चुकीच्या जोडीला जातात. लॉस उत्तम येतो, ओटीडीआरचा ट्रेसही स्वच्छ येतो. म्हणून होल्डर ठेवताना दोन्हीकडे निळा एकाच बाजूला आहे आणि रिबनवर छापलेला क्रमांक जुळतो आहे, हे दर रिबनला मोठ्याने वाचा, आणि काम झाल्यावर लाल लाइटने प्रत्येक रिबनचा पहिला फायबर दुसऱ्या टोकाला पहिल्याच जागी उजळतो का ते बघा. 288 कोअरला 24 रिबन, म्हणजे 24 वेळा. अंतर जास्त असून लाल लाइट पोहोचत नसेल तर लाइट सोर्स आणि पॉवर मीटर घ्या.